दाराबाहेरच्या चपला

आमच्या मजल्यावरच्या बाई गुन्हेगारीवर संशोधन करतात. माणूस चोरी-मारामारीकडे का वळतो, हे शोधत त्यांची निम्मी हयात तुरुंगांत आणि झोपडपट्ट्यांत गेली. संध्याकाळी घाटकोपर स्टेशनवरून चालत येतात आणि जिन्यात कठड्याला टेकून उभ्या राहतात. काहीही विचारा, आधी एक लांब सुस्कारा, मग, "तसं सोपं नसतं गं ते."

वरच्या मजल्यावरचा एकजण चोरीची शिक्षा भोगून आईकडे परत आला, तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे बाईंकडेच वळले. "मॅडम, तुमचा एवढा अभ्यास आहे ना? मग सांगा, हा परत चोरी करणार का?"

सुस्कारा. "मला नाही माहीत. कोणी कामावर ठेवलं, तर बहुतेक नाही."

असलं उत्तर कोणाला हवं होतं? दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या सगळ्या चपला घरात गेल्या, माझ्यासुद्धा. दाराबाहेर राहिल्या फक्त बाईंच्या. मला त्यांचं कौतुक वाटलं, आणि थोडा रागही आला.

परवा त्या कामावरून आल्या. पायातल्या चांगल्या सँडल काढून त्यांनी आत नेल्या, आतून एक झिजलेला जुना जोड आणला आणि दाराबाहेर नीट मांडला. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"भीती मलाही वाटते गं," त्या म्हणाल्या. "पण वर जाताना त्याला एका तरी दारात चपला दिसू देत."