बाबांनी ठेवलेला नारळ

आमच्या घाटकोपरच्या डोंगरावर कुणाच्याही घरी काही शुभ असलं की गाऱ्हाण्याला माझ्या बाबांनाच बोलावणं यायचं. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण बाबांचा मालवणी गळा काही बंद पडला नव्हता. हातात नारळ धरून ते देवाला हाक घालायचे, काय हवं ते रोखठोक मागायचे, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत साथ द्यायची. नारळ ठेवला की शब्द दिला गेला. मग मागे फिरायचं नाही, देवानंही नाही आणि माणसानंही नाही. बाबा हे अगदी मनापासून मानायचे.

आमचा नगरसेवक याच वस्तीत वाढलेला. सगळे त्याला भाऊ म्हणायचे, तो बाबांना काका म्हणायचा. त्याची मुदत संपत आली, निवडणूक तोंडावर आली, आणि त्यानं आमच्या गल्लीमागे संरक्षक भिंत बांधायला घेतली. दर पावसाळ्यात डोंगराची माती थोडी थोडी खाली सरकत होती. आमच्यासाठी तो जिवाचा प्रश्न होता. भूमिपूजनाला ढोल, फेटे, वर ड्रोन, सगळा थाट! कुदळ मारून झाल्यावर भाऊ म्हणाला, "काका, गाऱ्हाणं तुम्हीच घालायचं हां."

बाबा उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज भिंतीक हात घातल्यान. ती ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरी करून घे. आणि ह्येका परत निवडून हाड. आमी सगळी ह्येच्या पाठीशी रवतलव."

"व्हय म्हाराजा!" गल्ली दणाणली. भाऊच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं होतं, मी बाजूलाच उभी होते. उगाच खोटं कशाला बोलू?

भिंत पलीकडच्या टोकाकडून चढत आली आणि आमच्या शेजारच्या घरापाशी येऊन थांबली. भाऊची मुदत संपली. निवडणूक पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. महापालिकेत प्रशासक बसला. "काकी, आता निधीच नाय माझ्या हातात, काय करू सांगा," भाऊ आईला म्हणायचा. भिंतीला निधी नव्हता, प्रचाराला मात्र होता बरं का! निवडणूक नसताना या माणसाचा प्रचार वर्षानुवर्षं चालू. नाक्यावर बॅनर, त्यावर 'कार्यसम्राट' हे एवढं मोठं आणि 'माजी नगरसेवक'मधलं 'माजी' मुंगीएवढं. दिवाळीला घरोघरी उटणं, गणपतीला गावी जायला फुकट गाड्या. गाडीत बाबांना पुढची सीट राखून ठेवलेली. ते आपले खूश.

मी लग्न होऊन गोरेगावला आले. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची माणसं दारावर घर खाली करायची नोटीस चिकटवून जायची, आणि मग फोनवर माझं आणि बाबांचं भांडण ठरलेलं.

"पावसाळाभर माझ्याकडे या ना. काय बिघडतं?"

"नारळ ठेवलेलो आसा गो मी. मीच उठान गेलंय तर देव काय म्हणात?"

"देवाचं सोडा हो, डोंगर काय करेल ते बघा!" मी ओरडायचे. ते हसायचे.

दुसऱ्या पक्षाची माणसंही येऊन गेली, निदान डोंगराला जाळी मारून देतो म्हणाली. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. भाऊला शब्द दिलाय, आता दुसऱ्याचं घेणार नाही. माझं डोकं फिरायचं. आजही फिरतं. कुणासाठी एवढं इमान, बाबा?

मग एका पावसाळ्यात डोंगर नुसता झोडपून निघाला. सकाळी आई खालच्या नळावर पाणी भरायला गेली होती, बाबा मागच्या खोलीत दाढी करत होते. भिंत जिथे संपत होती बरोबर तिथूनच माती आली. शेजारचं घर भिंतीच्या आडोशाला जसंच्या तसं उभं, त्यांच्या खिडकीतली तुळससुद्धा हलली नाही. आमची मागची खोली बसली. मी गोरेगावहून पोचले तोवर बाबांना बाहेर काढलं होतं. तोंडावरची माती पुसली तेव्हा एका गालाची दाढी झालेली होती, दुसऱ्याची राहिली होती.

भाऊ सगळ्यांच्या आधी पोचला होता. चिखलात उतरला, तिरडीला खांदा दिला, ढसाढसा रडला. त्याला शिव्या घालायला माझी जीभ शिवशिवत होती. पण अशा रडणाऱ्या माणसाला काय बोलणार?

पुढची खोली शाबूत होती. आई तिथेच राहिली. मी हातापाया पडले, ती हटली नाही.

अखेर निवडणूक लागली. भाऊ आईकडे आला. "काकी, प्रचाराचा नारळ काकांच्याच दारात फोडायचा." मी म्हटलं, लाज कशी वाटत नाही रे तुला? आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं आणि त्याला हो म्हणाली.

त्या दिवशी गल्लीत गमछेच गमछे, वर धरलेले मोबाइल. गाऱ्हाण्याला बाहेरून कुणीतरी माणूस आणला होता. त्यानं नारळ हातात घेतला, तोच आई दारातून पुढे आली, "हाड हयसर" म्हणाली आणि नारळ स्वतःच्या हातात घेतला. बाईनं गाऱ्हाणं घातलेलं आमच्या डोंगरावर कुणी ऐकलं नव्हतं. पण तिला अडवायची टाप कुणाची?

"बा देवा म्हाराजा," तिचा आवाज बारीक होता. "माझ्या घोवान तुझ्याकडे नारळ ठेवलेलो."

"व्हय म्हाराजा!"

"भिंत पुरी व्हयी म्हणान. ह्या लेकरान ती पुरी करूक नाय."

तोंडं सवयीनं उघडली. "व्हय म्हाराजा!"

"माझो घोव मातीखाली गेलो."

आता आवाज विरळ झाले, तरी आले. "व्हय म्हाराजा."

"आमी सबद पाळलो. ह्येका सबद पाळूची बुद्धी दी."

मग मान खाली घालून एकटा भाऊच म्हणाला, "व्हय म्हाराजा." नारळ फुटला, ढोल वाजले आणि गर्दी पुढच्या गल्लीत गेली. मला वाटलं, बरं झालं, आज याचं सगळं उघड्यावर आलं.

मतदानाच्या दिवशी माझं मत देऊन मी आईकडे गेले. ती पायऱ्यांवर बसून बोटावरची शाई बघत होती.

"कुणाला दिलंस?"

"त्येकाच."

"आई! अगं, त्यानं बाबांना खाल्लं!"

"आरडा नको. सबद तुझ्या बापाशीन दिलेलो. आता तो नाय, म्हणान मी मोडू?"

भाऊ निवडून आला. गुलाल आमच्या दारापर्यंत उडाला. भिंत अजून शेजारच्या घरापाशीच संपते आणि आई पुढच्या खोलीत एकटी राहते. या वर्षीची नोटीस लागली आहे.