निसुर्डीच्या चार बिया

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या एका वाडीत एकशिक्षकी शाळेवर होतो. रानफुलं पट्टीने मोजून, वहीत दाबून ठेवायचा मला नाद होता. निसुर्डीच्या तिथे दोन जाती. डोंगरमाथ्यावरच्या उघड्या, सपाट सड्यावरचं फूल नऊ मिलिमीटरचं, मधे निळं, कडेला पांढरं. ओढ्याच्या सावलीतलं जेमतेम पाच, फिकट. फूल असेपर्यंत चूक होत नाही. बी धरली की दोन्हींच्या बिया सारख्याच वाटतात, चपट्या, कपड्याला चिकटणाऱ्या. सड्यावरच्या बीला फक्त कडेने काटे असतात, ओढ्याकाठच्या बीला पाठभर. एवढाच फरक.

वाडीचा नियम होता की सड्यावरचं गवत दसऱ्याआधी कोणी कापायचं नाही. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून कापायचं आणि ज्याची जितकी ढोरं त्याप्रमाणे वाटून घ्यायचं. दसऱ्याला चार दिवस राहिले असताना एक पट्टा कापलेला दिसला. त्याच दुपारी खालच्या वाडीतला एक माणूस गवताचा भारा नेताना सापडला. त्याला फरफटत शाळेच्या पडवीत आणलं.

"माझ्या बांधावरचा हाय ओ, ओढ्याकडचा," तो म्हणाला.

"बांधावर एवढं गवत वाढतं? युरिया टाकतोस काय रे?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

वाडीच्या म्होरक्याने त्याची घोंगडी माझ्यापुढे धरली. तिला बिया चिकटल्या होत्या. "गुरुजी, तुमी फुलांचे जाणकार. ही निसुर्डी सड्यावरची का नाय?"

मी चार बिया उपटल्या. चष्मा आत टेबलावर होता, दहा पावलांवर. मी तो आणायला गेलो नाही.

"सड्यावरचीच," मी म्हणालो.

पहिली लाथ पोटात बसली. मग काठ्या. मग त्याचा उजवा हात पायरीच्या दगडावर धरून म्होरक्याने कुऱ्हाडीची बोथट बाजू मनगटावर घातली. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. मला बघवेना म्हणून मी आत गेलो आणि सवयीने चष्मा लावला. मुठीतल्या बिया वहीवर ठेवल्या. चारही बियांच्या पाठीवर काटे होते.

वही आणि बिया घेऊन बाहेर आलो तर त्याचा डावा हात दगडावर ठेवला होता. "ही ओढ्याची आहे," असं ओरडत मी मधे पडलो. कुणाची तरी काठी माझ्या कानावर बसली. त्या कानाने मला आजही कमी ऐकू येतं.

"मघाशी सड्याची, आता ओढ्याची?" म्होरक्या म्हणाला. "गुरुजी, ती बी हाय का सरडा?"

मी वहीत जपलेली सड्यावरची बी काढली आणि ती व घोंगडीवरची एक, दोन्ही त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्याने अंगठा फिरवला. एक मधे गुळगुळीत लागली, दुसरी टोचली. त्याने पुन्हा फिरवला. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकली.

"मग कापला कोणी?" तो म्हणाला, आणि ते सगळे दुसऱ्या कुणाला तरी शोधायला निघाले.

त्या माणसाला मी खाली पोलादपूरच्या दवाखान्यात नेलं. दोन तास लागले. वाटेत तो दोनदा ओकला. डॉक्टरांनी विचारलं, "कशाने झालं?"

"पडलो," तो म्हणाला.

मी म्हणालो, "नाही. मारलंय. आणि सुरुवात माझ्यामुळे झाली, पहिलं नाव माझं लिहा."

त्याने डावा हात उचलून माझी बाही धरली. "गुरुजी, तुमची उद्या बदली व्हईल. माझी बायको त्यांच्याच झऱ्यावर पाण्याला जाते. तिला मारतील. आजून किती बोलाल?"

डॉक्टर पेन धरून माझ्याकडे बघत राहिले.

"पडला, असं लिहा," मी म्हणालो.