हयातभाऊंनी चहाला पाठवलेली मुलं

महाडच्या कचेरीसमोरचा चहावाला दुमजली झाला तो हयातभाऊंच्या जिवावर. खोटं वाटत असेल तर त्याच्या जिन्याच्या पायऱ्या मोजा. एकेक पायरी एकेका मुलाने धुसफुसत प्यायलेल्या चहाची आहे. म्हाताऱ्या आईला नाहीतर बापाला घेऊन मुलगा दस्त करायला आला, की हयातभाऊ लेखणीचं टोपण काढायच्या आधी म्हणत, "बाळा, तू जा, चहा पिऊन ये. सावकाश पी." बाळ पन्नाशीचं असो की मुंबईहून सफारी घालून आलेलं, चहा चुकत नसे. एक जण म्हणाला, "मी चहा पीत नाही." भाऊ म्हणाले, "मग दूध पी. पण तिथे पी."

भाऊ दस्तलेखक. आवारात चिंचेखाली त्यांचं मेज आणि शेजारी माझं. मी मुद्रांक विकायचो. असा शेजारी वैऱ्यालाही मिळू नये! गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं की हे मागून ओरडत, "आजोबा, मृत्युपत्र करा. त्याला स्टँप लागत नाही, आणि पोरगा बिघडला तर उद्या फाडता येतं. बक्षीसपत्र एकदा दिलंत की गेलं!" माझा धंदा त्यांनी इतका बुडवला, की सावित्रीचा पूर त्यांच्यापुढे सोवळा.

तरी कोणी बक्षीसपत्रावर अडून बसलंच, तर भाऊ त्यात 'हयातीपर्यंत' हा शब्द घालत. घर मुलाच्या नावावर, पण राहण्याचा हक्क लिहून देणाऱ्याचा, हयातीपर्यंत. त्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव पोस्टमनलाही ठाऊक नव्हतं. मुलगा चहाला गेला की ते म्हाताऱ्या माणसाला त्याचा उठल्यापासूनचा दिवस सांगायला लावत आणि तो जसाच्या तसा दस्तात उतरवत. पोलादपूरच्या वरच्या एका धनगरवाडीतल्या आजोबांच्या दस्तात ओटा आला, ओट्याची उन्हाची बाजू आली, आणि आजोबांच्या उशाशी बांधायची एक शेळीही आली, रंगासकट. वकील पोट धरून हसले. पण त्या शेळीचा मान राखता राखता सुनेने सासऱ्याचाही राखला, असं ऐकतो.

ही मजा मी शेजारून बघत होतो, तोवर माझीच पाळी आली. नाते गावचं आमचं घर विकून महाडात चौथ्या मजल्यावर ब्लॉक घ्यायचं माझ्या डोक्यात शिरलं. घर आईच्या नावावर. ते आधी माझ्या नावावर व्हायला हवं. मुद्रांक मी माझ्याच पेटीतून काढला, आईला एसटीने आणलं आणि भाऊंसमोर बसवलं.

"तू जा, चहा पिऊन ये."

"भाऊ, मी! रोज शेजारी बसतो तुमच्या!"

"म्हणून दोन कप पी."

मी चिंचेच्या बुंध्यापर्यंतच गेलो आणि त्याच्याआड कान लावून उभा राहिलो.

"काय गो म्हातारे, पोराला घर देतेस?" भाऊ विचारत होते.

"त्याचाच हाय ते. माझा काय?"

"सकाळी उठून काय करतेस?"

"मागच्या पडवीत बसते मशेरी लावीत. मग इहिरीवर. तिथं साऱ्या बायका भेटतात."

"मग चौथ्या मजल्यावर कुठे बसशील?"

आई म्हणाली, "तिथं मशेरी थुकायची कुठं, तेच पोराला इचारायचा होता. पर त्याला राग येल."

भाऊंनी आवाज खाली आणला. "आणि अंथरूण धरलंस तर? पेज कोण देईल?"

"तोच देल की. त्याला मीच भरवलाय ना."

मी परतलो तेव्हा मसुदा तयार होता. मागील पडवी, तिचं उगवतीचं दार, विहिरीपर्यंतची वाट, सगळं लिहून देणार हिचे हयातीपर्यंत. आणि तळाशी: 'आजारपणात पेज व पाणी लिहून घेणार याने स्वतः द्यावे.' 'स्वतः'खाली रेघ.

"भाऊ, असलं घर विकत घेणार कोण?" मी असा गरजलो की चिंचेवरचे कावळे थेट बिरवाडीला जाऊन बसले.

"कोणी नाही," भाऊ म्हणाले. "तेच लिहिलंय."

आई म्हणाली, "पडवीचा परत वाच रे." मी वाचलं. तिने अंगठा उठवला, मी सही केली. पुढे वर्षभर भाऊंशी बोललो नाही. मेज मात्र हलवलं नाही, कारण सावली त्यांच्याच बाजूला होती.

काही वर्षांनी आई त्याच पडवीत पडली. खुबा मोडला. दोन वर्षं अंथरुणावर. पहिल्या दिवशी माझी बायको पेज घेऊन आली, तर आई म्हणते, "ठेव गो बाय. कागदात त्याचा नाव हाय." मी चमचा धरला. निम्मी पेज तिच्या पदरावर, निम्मी माझ्या लेंग्यावर. महिनाभरात असा तरबेज झालो, की डोळे मिटून मुंगीला भरवलं असतं. भरवताना ती बोलत राही, तिच्या माहेरचं, माझ्या लहानपणीचं. आधीच्या पन्नास वर्षांत बोलली नव्हती तेवढं. ब्लॉक घ्यायचा राहिला, हे मला तिच्या तेराव्यानंतर आठवलं.

भाऊंची नजर तोवर गेली होती. ते तुडीलला भाचीकडे राहायला गेले होते. मी गेलो, तर आवाजावरून ओळखलं.

"पेज कोणी दिली?"

"मी."

"स्वतः?"

"स्वतः."

त्यांनी मान हलवली. "मग आज चहा माझ्यासमोर पी." भाचीने दोन कप आणले. ती आमची शेवटची भेट.

गेल्या वर्षी घर नावावर करून घ्यायला माझा मुलगा मला त्याच कचेरीत घेऊन गेला. मुलगा चांगला आहे. छापील दस्तात चूक एकही नव्हती. आता फोटो निघतो, अंगठा यंत्रावर उठतो, आईबापांच्या सांभाळाचा कायदाही आला आहे. चिंच तेवढी नाही, तिथे गाड्या उभ्या असतात. माझं नाव पुकारलं गेलं आणि मी सवयीने बाजूला पाहिलं.

"जा, चहा पिऊन ये," मी मुलाला म्हणालो.

"आत्ता? बाबा, नंबर आलाय आपला!"

"सावकाश पी."

तो पुटपुटत गेला. उठल्यापासूनचा माझा दिवस मी आदल्या दिवशीच मनात जुळवून ठेवला होता. पडवीतली खुर्ची, विहिरीपर्यंतची फेरी, सगळं क्रमाने. सांगायला तोंड उघडलं, आणि विचारणारं तिथे कोणीच नव्हतं.