पूर्वेला शोध, पश्चिमेला बोट

सुजाता गजभिये चिडली की आवाज चढवत नाही, भांडी घासते. त्या शनिवारी सकाळी तिने आधीच स्वच्छ असलेला कुकर तीनदा घासला. कारण सिंकशेजारी टेकवलेल्या फोनमध्ये शार्दूल नावाचा एक उपटसुंभ तिच्याच नवऱ्याच्या मरणाविषयी चवीचवीने बोलत होता.

शार्दूल तसा ओळखीतला. हॅमिल्टनला शिकायला आलेला, आता ऑकलंडमध्ये आयटीत. फावल्या वेळात यूट्यूबवर मराठीत गडप झालेल्या जहाजांच्या आणि विमानांच्या गोष्टी सांगायचा. अटलांटिकमधला तो त्रिकोण, वेडी झालेली होकायंत्रं, रिकामं तरंगणारं जहाज आणि टेबलावर वाफाळता चहा. तोवर सुजाताने कधी मनावर घेतलं नव्हतं. लोकांना वेळ घालवायला काहीतरी लागतं, दुसरं काय? पण आजच्या भागाचं नाव होतं, ‘किवी समुद्राने गिळलेला आपला माणूस’.

जन्मात कधी भेटला नाही, तरी तो तिच्या नवऱ्याला, जयवंतला, ‘जयवंतदादा’ म्हणत होता. दादा बोट घेऊन निघाला तेव्हा हवा शांत होती म्हणे, क्षितिजावर हिरवा उजेड दिसला म्हणे. बोटीचा मागमूस नाही, फक्त चिली बिन, म्हणजे बर्फाची पेटी, किनाऱ्याला लागली आणि तिच्यात बायकोने दिलेला डबा जसाच्या तसा, पोळ्या अजून मऊ! सुजाताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसला डबा? त्या दिवशी तिने डबा दिलाच नव्हता. जयवंतने कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन सँडविच घेतली होती. आणि ती बिन झाकण तुटून, आत शेवाळ नि काळी वाळू भरून आली होती. ती तिने स्वतःच्या हाताने धुतली होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

एवढंच असतं तर तिने दोन शिव्या हासडून सोडून दिलं असतं. पण तो भाग नागपुरात तिच्या सासूपर्यंत पोचला.

अनुराधाबाई म्हणजे सहा वर्षांची असताना बापाच्या खांद्यावर बसून धम्मदीक्षेला गेलेली बाई. आयुष्यात कधी गंडा बांधला नाही, अंगारा लावला नाही. ऐकीव आहे म्हणून मानायचं नाही, हे त्यांनीच सुनेला शिकवलेलं. जयवंत जाऊन तीन वर्षं होत आली होती, इथल्या कोरोनरने चौकशी करून मृत्यूचा दाखला दिला होता, आणि मोठ्या मुश्किलीने त्या पुण्यानुमोदनाला तयार झाल्या होत्या. विहार ठरला, भन्तेजींना सांगून झालं. आणि आता फोनवर म्हणाल्या, "तो पोट्टा म्हणते, जयवंत असन कुठंतरी. जित्या माणसाचं पुण्यानुमोदन करते का कोणी?"

जयवंतच्या फोटोला त्यांनी तीन वर्षांत हार घातला नव्हता. आता तर रोज दार उघडं टाकून बसायला लागल्या, असं शेजारणीने कळवलं. सुजाताला रडू आलं नाही, संताप आला. ज्या बाईला कुठला बाबा-बुवा वाकवू शकला नाही, तिला एका टिनपाट पोराने उंबऱ्यात बसवून ठेवलं होतं.

दोन आठवड्यांनी एका सोमवारी तोच पोरगा ईस्ट टामाकीत तिच्या शेडवर हजर. दुसऱ्या भागासाठी मुलाखत हवी होती म्हणे. सुजाता तिथे बारा वर्षं बोटींचं सुरक्षेचं सामान तपासते. लाइफराफ्ट, म्हणजे जीव वाचवणारे तराफे, फुगवून बघायचे, बीकनची बॅटरी बदलायची. बीकन म्हणजे वीतभर डबी. बोट बुडायला लागली की ती उपग्रहाला हाक मारते. पण हाक कोणाची, हे कळायला ती मालकाच्या नावावर नोंदवावी लागते. सुजाता काउंटरवरून एकाही गिऱ्हाइकाला नोंदणीशिवाय हलू देत नाही. भले तो कपाळाला आठ्या घालो.

तिने शार्दूलला उभ्या उभ्या झाडलं. डब्याचं खोटं, उजेडाचं खोटं, सगळं काढलं. ही जहाजं-विमानं कोणी पळवत नाही, असं त्याला सुनावलं. कुठे वजन जास्त होतं, कुठे इंधन कमी, कुठे दिशा चुकली. समुद्र मोठा आहे आणि माणूस चुकतो, एवढंच. दुसऱ्याचं घर जळतंय आणि तू शेकत बसलायस, हेही ऐकवलं.

पोरगा खाली मान घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "सॉरी, ताई. पण मग तुम्हीच सांगा ना, त्यांच्या बोटीचं काय झालं? कोणालाच माहीत नाही, म्हणून तर लोक काहीबाही बोलतात."

सुजाताची नजर काउंटरच्या ड्रॉवरकडे गेली. कारण तिला माहीत होतं.

बोट जुनी घेतलेली, उत्तरेतल्या एका म्हाताऱ्याकडून. बीकन बोटीबरोबरच आला होता, त्या म्हाताऱ्याच्याच नावावर. नाव बदलायचा फॉर्म जयवंतने भरून सुजाताकडे दिला, तूच रोज हे करतेस म्हणून. फक्त संकटात कोणाला फोन करायचा, ती संपर्काची नावं राहिली होती. पहिलं तिचं. दुसरं कोणाचं? इथे ना दीर, ना भाऊ. रविवारी वंदनेला येणाऱ्यांपैकी कोणाला तरी विचारू, असं ती म्हणाली. मग तिला संकोच वाटला. आपल्या भानगडीत लोकांना कशाला अडकवायचं? या रविवारी, पुढच्या रविवारी करत तो फॉर्म शेडच्या ड्रॉवरमध्ये राहिला. स्वतःचं एकटीचं नाव लिहून पाठवला असता तरी चाललं असतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

त्या दिवशी बीकनने दोनदा हाक मारली आणि तो बोटीबरोबर खाली गेला. जागा कळायच्या आत. शोधपथकाने नोंदीतल्या म्हाताऱ्याला फोन लावला, तो उचलला गेला नाही. नोंदीत लिहिलं होतं, बोट पूर्व किनाऱ्याला असते. विमान पूर्वेला गेलं. म्हातारा सापडून बोट विकल्याचं कळेपर्यंत पाच तास गेले. पश्चिमेला जयवंत पाण्यात होता.

फॉर्म आपल्याच ड्रॉवरमध्ये राहिला, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. लोक म्हणायचे, समुद्राची करणी, आणि ती ऐकून घ्यायची. शार्दूलने तेच जरा मीठमसाला लावून सांगितलं, एवढाच फरक. इतके दिवस ज्याच्यावर दात-ओठ खात होती, त्याच्या पंगतीला ती तीन वर्षं बसली होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

"सांगते," ती शार्दूलला म्हणाली. "पण आधी तुला नाही."

ड्रॉवरमधून फॉर्म काढून ती पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसली आणि तिने नागपूरला फोन लावला. फॉर्म मांडीवर ठेवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाच तास, पूर्व किनारा, रविवारचा संकोच. एकही शब्द गाळला नाही. चूक माझी आहे, आई, असं म्हणून ती थांबली.



"त्या पोट्ट्यानं मले खोटं सांगतलं," अनुराधाबाई म्हणाल्या. "तू तं काईच नाई सांगतलं. तीन वर्षं."

सुजाताने मान खाली घातली. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लावून घेतल्याचा, मग कडी.

"फोटो पाठव एक," त्या म्हणाल्या. "मोठा. हार घालाचा आहे, इथला लहान पडते."