सव्वा किलोची हौस

माझे दीर घरांचे नकाशे काढतात आणि पाठ दुखली की लॅपटॉपला शिव्या घालतात. नवा घ्यायला गेले तेव्हा सामान तोलायचा हुकाचा काटा खिशात घालूनच गेले. भाऊजींना स्क्रीन हवी भिंतीएवढी आणि वजन पिसाएवढं! दुकानदाराचं डोकं खाऊन त्यांनी एकेक लॅपटॉप पिशवीत घालून काट्याला टांगला. शेवटी सतरा इंची, सव्वा किलोचा मिळाला. घरी आल्यावर तो दोन बोटांत धरून सगळ्यांना असा मिरवून दाखवला, जणू स्वतःच बनवला होता.

सोमवारी साइटवर निघताना भाऊजींनी बॅग खांद्याला लावली आणि पुन्हा कण्हले. मला राहवेना. मी बॅगेची चेन उघडली. नव्या लॅपटॉपच्या मागे जुना तीन किलोचा धोंडा तसाच बसला होता.

"भाऊजी, हा कशाला?"

"नकाशे त्याच्यावरच काढतो. हात बसलाय माझा."

"मग नवा घरी ठेवा की!"

"तो कशाला ठेवू?" कमरेवर हात दाबत भाऊजी म्हणाले, "तो तर हलका आहे."