चुकीच्या घरचं जेवण

काल लेकीबरोबर लिफ्टमधून बाहेर पडले आणि शेजारच्या अर्धवट उघड्या दारातून व्हिनेगर-लसणात शिजणाऱ्या मटणाचा वास आला. आमच्या वसईच्या विंदालूचा सख्खा भाऊच जणू! शारजातली बिल्डिंग विसरून मी थेट कमिगीनला पोचले.

कमिगीन हा फिलिपिन्सचा चिमुकला बेट-प्रांत. मी काम करते त्या हॉटेलात रिसेप्शनला असलेली मारिसेल तिथली. काही वर्षांपूर्वी तिच्या गावच्या सणाला मी आणि माझा नवरा पास्कल गेलो होतो. मागे ढगात डोकं खुपसून बसलेला ज्वालामुखी, समोर काळी वाळू आणि दारोदार पिवळट लांझोनेस फळांचे घोस. एका उघड्या दारातून हाच वास आला. आतली म्हातारी हात धरून म्हणाली, "ईट, ईट!" मारिसेलची आईच ती, असं समजून आम्ही पोटभर जेवलो. पास्कलने तर दोनदा वाढून घेतलं.

तेवढ्यात मारिसेलचा फोन, शारजात शिकलेल्या हिंदीत. "मॅडम, किधर हो? मम्मी खाने के लिए रुकी है!"

तिचं घर पुढच्या वळणावर होतं. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी मात्र खो खो हसत आणखी वाढायला आली. तिथे सणाला दार उघडं म्हणजे कुणीही यावं, जेवावं. नाव विचारायची पद्धतच नाही.

तेव्हा ती मला फजिती वाटली होती. काल त्या दारासमोर वाटलं, शारजात इतकी वर्षं राहून शेजारच्या दारामागे कोण राहतं हे मला ठाऊक नाही, ही खरी फजिती.

"मम्मा, दॅट्स नॉट अवर फ्लॅट!" लेक कुजबुजली.

"ठाऊक आहे गं," म्हणत मी बेल दाबली.