कॉलरच्या आतलं लेबल

पडका मठ मागे राहून अर्धा तास झाला, तरी मास्तर दोन पावलं पुढेच चालत होते. उजवा हात कोटाच्या खिशात. पूर्वी चालताना त्यांचा हा हात तोंडापेक्षा जास्त बोलायचा. गेले सात महिने तो खिशातून निघायला तयार नव्हता, आणि ते तिच्या लक्षात आलं नाही असं ते धरून चालले होते.

ती त्यांची बायको. गल्लीत तिला मास्तरीणबाई म्हणत. नव्या माणसाला वाटे, शाळेत शिकवते. तिची शाळा म्हणजे काजं, बटणं, अस्तर आणि हातशिलाई. एकतीस वर्षं ती मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात मागच्या बाजूला बसली, पण कात्रीला तिनं हात लावला नव्हता. कापायचं ते मास्तरांनी. कापून शिवून झालं की शेवटी कॉलरच्या आत त्यांच्या नावाचं लेबल लावायचं कामही तिचंच. एकदा मास्तर तापानं पडले असताना कारागिरानं एक कोट कापला आणि तिनं सवयीनं लेबल लावलं. मास्तरांनी अंथरुणातून उठून ते उसवलं होतं. "मी कापलं नाही, त्यावर माझं नाव नको," म्हणाले होते.

ही दोघांची सहल लेकीनं हट्टानं घडवली होती. लेक वकील झाली होती. पुढच्या महिन्यात कोर्टात पहिल्यांदा उभी राहणार, ती बाबांनी शिवलेल्या काळ्या कोटात. कापड चार महिने कपाटात पडून होतं. लेकीनं विचारलं की मास्तर म्हणत, कापड जरा मुरू दे. लोणचं आहे का ते, असं लेक हसून म्हणायची. मास्तरीणबाईला हसू येत नसे. बटणांच्या डब्यात तळाशी लपवलेली गोळ्यांची पट्टी तिनं पाहिली होती, पाहून तशीच ठेवली होती. पट्टीवरचं नाव औषधाच्या दुकानात विचारलं, तेव्हा दुकानदारानं डोळे न उचलता सांगितलं की कंप थोडा आवरतो यानं, जात नाही.

सकाळी मठात मास्तर चांगले खुलले होते. संन्याशांच्या एवढ्याशा खोल्या त्यांनी नुसत्या नजरेनं मोजल्या. सगळ्यांचा झगा एकाच मापाचा असणार, शिंप्याला काय सुख, म्हणाले. छप्पर नसलेल्या प्रार्थनाघरात तिनं हात जोडले, तर त्यांनी टोमणा मारला की इथला देव केव्हाच घर सोडून गेलाय. घर सोडलं म्हणून बहिरा झाला नसेल, असं ती म्हणाली. काय मागितलं ते त्यांनी विचारलं नाही.

सहलीतला पुढचा थांबा, एका जुन्या बंगल्याची बाग, आली तेव्हा ऊन चढलं होतं. आत शिरल्याशिरल्या एक माळी दोरी ताणून झुडपांची कड कापत होता. लांब पात्यांची कात्री, दोन्ही हात स्थिर, पानं सरळ रेषेत गळत होती. मास्तर उभे राहिले ते राहिलेच. तिनं दोनदा हाक मारली.

"हात चांगला आहे याचा," एवढंच म्हणाले.

पुढे गुलाबांच्या वाटेवर तिची शाल काट्याला अडकली आणि चांगली वीतभर फाटली. राहू द्या, घरी बघू, असं ती म्हणाली, पण मास्तरांचा इरेला पेटलेला चेहरा तिला ओळखीचा होता. सुईची डबी त्यांच्या खिशात कायमची. बाकावर बसून त्यांनी शाल मांडीवर पसरली. ते दोरा ओवत असताना ती मुद्दाम फुलांकडे बघत राहिली. पाच वेळा, सहा वेळा. मग सुई चालायला लागल्याचा आवाज आला. तिला तो आवाज येतो, इतरांना नाही. तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "घे. झालं."

तिनं शाल उचलली, तर सोबत त्यांचा पायही उचलला गेला. शाल पँटला शिवली होती, दहा-बारा टाक्यांनी, पक्की.

आधी ती हसली. तेही हसले, अगदी खांदे हलवून. म्हणाले, आता कुठं जायचं ते दोघांनी मिळूनच. मग हसता हसता त्यांचा हात मांडीवर उघडा पडला, आणि तो हसण्यानं हलत नव्हता. हसू थांबलं तरी हात थांबला नाही. तिनं त्यावर आपला हात ठेवला. तिचा हातही त्याच्याबरोबर हलू लागला. त्याला आवरण्याइतकं बळ तिच्यात नव्हतं.

ती खाली बसून टाके उसवू लागली. टाके वेडेवाकडे होते. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ पोरानं घालावे तसे. एकेक तोडताना तिला आपण काहीतरी वाईट करतोय असं वाटत होतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"बटणांचा डबा माझा आहे हो."

पलीकडे माळ्याची कात्री चालूच होती. लेकीला सांगून टाकू, ती समजून घेईल, असं तिला म्हणायचं होतं. पण लेक समजून घेईल हेच त्यांना नको होतं, हे तिला कळत होतं, म्हणून ती टाके उसवत राहिली.

शेवटचा टाका निघाला. मास्तरांनी पँट झटकली, आणि माळ्याकडे बघतच बोलले.

"गेल्यावर कापड त्या चौकातल्या मास्तरकडे दे. लेकीचं माप मी सांगतो, लिहून घे. तो कापेल, चांगलं कापतो. आणि कोट आला की..."

ती वाट बघत खालीच बसून राहिली.

"आत आपलं लेबल तेवढं तू लाव."